अर्धी वाचलेली पाच पुस्तकं आणि एक जुना करार

पत्र

नमस्कार मॅडम,

मी गेली बावीस वर्षं मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकं लिहिते. गेल्या वर्षी एका मुलाची आई सहज म्हणाली, "तुमचं समुद्राचं पुस्तक आम्ही रोज रात्री फोनवर ऐकतो." ऐकतो? मला तर कुणी विचारलंही नव्हतं. शोधलं तर ई-पुस्तकसुद्धा निघालेलं. प्रकाशक म्हणाले, "करार बघा." करार 2004 चा आहे आणि त्यात 'पुस्तकरूपात छापणे, प्रकाशित करणे व विकणे' एवढंच लिहिलंय.

भांडण्याआधी विषय समजून घ्यावा म्हणून पुस्तकं जमवली. लॉरेन्स लेसिग या अमेरिकी कायदेतज्ज्ञांचं 'कोड' (1999 ची जुनी प्रत), त्यांचंच 'फ्री कल्चर', जेसिका लिटमन यांचं 'डिजिटल कॉपीराइट', 'द एंड ऑफ ओनरशिप' आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठीचं एक जाडजूड पाठ्यपुस्तक. पाचही अर्ध्यावर आहेत. निम्मी पुस्तकं म्हणतात, कॉपीराइट फार माजलाय. मग माझा हक्क कुठं गेला? धाकटा भाऊ वकील आहे. तो म्हणतो, "ताई, ही नुसती मतं आहेत, आणि तीही शिळी. मूळ कायदा वाच." त्यात एका मैत्रिणीनं याच विषयावरच्या चाळीस पुस्तकांच्या पीडीएफचा फोल्डर पाठवलाय. कुठून आलाय ते सांगायला नको. तो उघडू का? आणि वाचायला सुरुवात तरी कुठून करू?

अर्ध्यावर अडकलेली

उत्तर

ताई,

पाचही पुस्तकं आज रात्रीपुरती मिटून ठेवा आणि करार बाहेर काढा. तुमच्या कामाचं पहिलं वाचन तेच आहे.

मी कुठून बोलतेय ते आधी सांगून टाकते. मी वकील नाही. एका प्रकाशनसंस्थेत लेखकांचे करार टाइप करण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी हक्क-विभाग सांभाळला. 'सध्या ज्ञात असलेल्या व भविष्यात शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत' हे वाक्य मी शेकडो करारांत चिकटवलंय. एका वयस्क कवीनं एकदा सहीचं पेन हातात धरून विचारलं होतं, "बाई, भविष्यात काय काय शोधणार आहेत?" मी हसून म्हटलं, "ठरलेलं वाक्य आहे हो, सगळ्यांच्याच करारात असतं." त्यांनी सही केली. ते वाक्य किती जड आहे हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा पुढच्या मजकुरात थोडं प्रायश्चित्तही आहे, असं समजा.

तुमच्या करारातला सगळा जीव 'पुस्तकरूपात' या शब्दात आहे. हाच शब्द 2001 साली न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात गेला होता. विल्यम स्टायरन, कर्ट व्हॉनेगट आणि रॉबर्ट पार्कर या तीन कादंबरीकारांचे जुने करार रँडम हाउस या बड्या अमेरिकी प्रकाशनसंस्थेकडे होते आणि त्यांत 'इन बुक फॉर्म' छापण्या-विकण्याचा हक्क दिलेला होता. रोझेटा बुक्स नावाच्या नव्या कंपनीनं परस्पर लेखकांशी बोलणी केली आणि त्यांच्या आठ कादंबऱ्या ई-पुस्तक म्हणून बाजारात आणल्या. रँडम हाउसनं मनाई हुकूम मागितला. आता पुस्तक म्हणजे काय, हे ठरवायला न्यायाधीशांनी शब्दकोश उघडला, आणि तो कुणाचा? रँडम हाउसच्याच नावाचा! त्यात पुस्तकाची व्याख्या होती ती कागदांची, एकत्र बांधलेल्या, पुठ्ठ्यांच्या आत असलेल्या. मनाई मिळाली नाही. वरच्या कोर्टानंही 2002 मध्ये तेच कायम ठेवलं. हा अंतिम निवाडा नव्हता, पुढं दोघांनी आपसात मिटवलं. पण एका शब्दात किती मावतं आणि किती मावत नाही हे त्यातून दिसलं.

एवढं वाचून प्रकाशकांना फोन लावायला उठू नका. कारण दुसरी गोष्ट आहे आणि ती तुमच्यासारख्याच, मुलांसाठी लिहिणाऱ्या बाईंची आहे. जीन क्रेगहेड जॉर्ज यांच्या 'ज्युली ऑफ द वुल्व्ह्ज' या कादंबरीचा करार 1971 चा. संगणक तेव्हा घरात नव्हे, खोलीभर असायचा. तरी कुणीतरी धोरणी माणसानं त्या करारात संगणक, संगणकात साठवणं, यांत्रिक किंवा 'आता ज्ञात असलेली वा पुढं शोधली जाणारी' इलेक्ट्रॉनिक साधनं, असं लिहून ठेवलं होतं. बाईंनी ई-पुस्तक ओपन रोड या दुसऱ्या कंपनीकडून काढलं, त्यांच्या मूळ प्रकाशकानं, हार्परकॉलिन्सनं, दावा लावला आणि 2014 साली तो जिंकला. शहर तेच, कोर्ट तेच, कायदाही तोच. एका करारात चार शब्द कमी होते आणि दुसऱ्यात जास्त, एवढाच फरक. (माझ्यासारखंच कुणीतरी 1971 साली ते वाक्य टाइप केलं असणार. त्यालाही कुणी विचारलं असेल का, काय काय शोधणार म्हणून?)

हे झालं अमेरिकेचं. जर्मनीत 1966 पासून 2007 च्या अखेरीपर्यंत, करार करताना जो वापर कुणाच्या स्वप्नातही नव्हता त्याचे हक्क लेखकाकडून लिहून घेतले तरी ते चालत नसत. 2008 पासून चालतात, पण लेखी हवेत, आणि प्रकाशकानं नवा वापर सुरू करणार असल्याचं कळवल्यावर लेखकाला ते मागं घ्यायला तीन महिने मिळतात. भारतानं 2012 च्या दुरुस्तीत वेगळी वाट काढली. करार करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याला तो करार लागू होणार नाही. त्याचा स्पष्ट उल्लेख केलेला असेल तर गोष्ट वेगळी. आता 2004 साली ई-पुस्तकं 'व्यापारी वापरात' होती का? कुणी म्हणेल होती, कुणी म्हणेल नावापुरती. दोन वकिलांची वर्षभराची सोय त्या एका प्रश्नात आहे. म्हणून कराराच्या शेवटच्या पानावरचं, आपण सहसा न वाचता उलटतो ते कलम वाचा: हा करार कुठल्या देशाच्या कायद्याखाली येतो आणि वाद कुठल्या कोर्टात जायचा.

आणि हो, 'फोनवर ऐकतो' म्हणजे नेमकं काय ते त्या आईला विचारा. कुणी निवेदकानं वाचून ध्वनिमुद्रित केलंय, की ई-पुस्तकाचा मजकूर फोनच आपल्या यांत्रिक आवाजात वाचून दाखवतोय? व्यवहारात ध्वनिपुस्तकाचे हक्क वेगळे मोजले जातात आणि वेगळे विकले जातात. यंत्राच्या वाचनाचं मात्र भिजत घोंगडं आहे. 2009 साली अॅमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तक वाचायच्या यंत्रानं मोठ्यानं वाचून दाखवायला सुरुवात केली तेव्हा अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेनं हरकत घेतली, आणि शेवटी ती सोय चालू ठेवायची की बंद, हे प्रत्येक पुस्तकापुरतं प्रकाशकांवर सोपवलं गेलं. तुमच्या बाबतीत यातलं कुठलं घडलंय त्यावर तुमची अर्धी बाजू ठरेल.

आता पुस्तकांकडे येऊ. तुम्ही अडकलात, कारण ही पुस्तकं तुम्ही निकालपत्रासारखी वाचताय. या विषयातलं जवळजवळ प्रत्येक पुस्तक म्हणजे कुणाचं तरी घेतलेलं वकीलपत्र असतं. त्यात वाईट काही नाही. फक्त मुखपृष्ठ उलटल्यावर पहिला प्रश्न विचारायचा: हा माणूस कुणाच्या बाजूनं उभा आहे, आणि समोर कोण आहे?

'फ्री कल्चर'चंच बघा. अमेरिकेनं 1998 साली कॉपीराइटची मुदत सरसकट वीस वर्षांनी वाढवली, आधीच लिहून झालेल्या पुस्तकांचीसुद्धा. मुदत संपलेली पुस्तकं इंटरनेटवर मोफत ठेवणाऱ्या एरिक एल्ड्रेड यांनी त्याला आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयात त्यांची बाजू लेसिग यांनीच मांडली, आणि जानेवारी 2003 मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी ते हरले. 2004 चं हे पुस्तक त्या पराभवाच्या ओल्या जखमेसकट लिहिलेलं आहे. तुम्ही अर्ध्यावर सोडलंत म्हणून सांगते, त्यातला उत्तम भाग शेवटाकडे आहे. मुदतवाढीनं प्रत्यक्ष नुकसान काय होतंय ते न्यायाधीशांना दाखवा, असं सहकारी सांगत होते आणि मी मात्र घटनेच्या तत्त्वावर अडून बसलो, अशी कबुली ते स्वतः देतात. हरलेल्या वकिलानं आपली चूक इतकी उघडी मांडलेली मी फारशी कुठं वाचलेली नाही. जिंकणाऱ्याच्या पुस्तकातून एवढं शिकायला मिळत नाही.

मग 'कॉपीराइट माजलाय' आणि 'माझा हक्क कुणी विचारला नाही' ही दोन्ही खरी कशी? याचं उत्तर तुमच्याकडच्या तिसऱ्या पुस्तकात आहे. लिटमन यांचं सांगणं थोडक्यात असं: अमेरिकेत हा कायदा लोकप्रतिनिधींनी कोऱ्या कागदावर लिहिलेला नाही. प्रकाशक, ध्वनिमुद्रण कंपन्या, चित्रपटवाले, प्रसारणवाले असे संबंधित धंदे टेबलाभोवती बसले, आपसात वाटाघाटी केल्या आणि झालेली तडजोड कायदा म्हणून आली. टेबलाशी ज्यांची खुर्ची नव्हती, त्यांना पानात काही वाढलं गेलं नाही. वाचकाला नाही, आणि एकट्यादुकट्या लेखकालाही नाही. हक्क वाढले, ते हक्क ज्याच्या नावे लिहून घेतले होते त्याच्यासाठी वाढले. तुम्ही ते 2004 साली लिहून दिले होते का, एवढाच तुमचा वाद आहे. मला विचाराल तर पाचांत तुमच्यासाठी हेच पुस्तक पहिलं. ते 2001 चं आहे म्हणून बिचकू नका. खुर्च्यांची रचना अजून तशीच आहे.

त्याच 2001 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं स्वतंत्र पत्रकारांच्या बाजूनं एक मोठा निकाल दिला: छापील अंकासाठी दिलेले लेख वृत्तपत्रांना लेखकाला न विचारता इलेक्ट्रॉनिक संग्रहांत टाकता येणार नाहीत. तासिनी खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. लेखक जिंकले. पण न्यूयॉर्क टाइम्सनं ते लेख संग्रहातून काढून टाकायला सुरुवात केली, आणि नव्या लेखकांकडून सगळे हक्क आधीच लिहून घ्यायची पद्धत तोवर रुळलेली होती. पुढच्या पिढीला त्या विजयाचा फारसा उपयोग झाला नाही. आमच्या कार्यालयातही करारातली वाक्यं लांबत गेली ती अशाच बातम्या वाचून. कोर्टात लेखकाला काही मिळालं की पुढच्या छापील मसुद्यात एक ओळ वाढायची.

वाचताना आणखी एक चाळणी लावा. हे लेखक बहुतेक अमेरिकी आहेत, आणि 'कायदा म्हणतो' असं ते लिहितात तेव्हा तो त्यांचा कायदा असतो. 'फेअर यूज' हा शब्द तुम्हाला पानोपानी भेटला असेल. चार कसोट्या लावून न्यायाधीशानं वापर योग्य की अयोग्य ते ठरवायचं, ही त्यांच्या 1976 च्या कायद्यातली तरतूद. पुष्कळ देशांत तशी मोकळीक नाही. तिथं अभ्यास, समीक्षा, बातमी, शिक्षण अशी कारणांची ठरीव यादी असते आणि यादीत नसलेलं सहसा चालत नाही. मुदतीचंही तसंच. कॉपीराइटच्या 1886 च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानं आज किमान मुदत ठरवलीय ती लेखकाच्या मृत्यूनंतर 50 वर्षं. युरोप-अमेरिकेत 70, भारतात 60, मेक्सिकोत 100. मी तर पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं 'कुणाचा?' असं लिहीत जाते. पहिल्या प्रकरणातच दहा-बारा 'कुणाचा?' होतात.

आता धाकट्या भावाचं म्हणणं. तो एकटा नाही, त्याच्या बाजूला बडी माणसं आहेत. 1996 साली शिकागो विद्यापीठातल्या एका परिषदेत न्यायाधीश फ्रँक ईस्टरब्रुक यांना सायबरस्पेसच्या, म्हणजे इंटरनेटच्या जगाच्या, कायद्यावर बोलायला बोलावलं होतं. त्यांनी तिथं जाऊन सांगितलं की असा काही विषयच नाही. घोडे विकण्यावरून खटले होतात, घोड्यानं लाथ मारली म्हणून होतात, शर्यतींवरून होतात. म्हणून कुणी 'घोड्यांचा कायदा' असा अभ्यासक्रम काढतं का? मालमत्तेचा, कराराचा, नुकसानभरपाईचा कायदा नीट शिका, घोडा त्यात आपोआप येतो. तुमच्या प्रकरणापुरतं हे खरंच आहे. तुमचा प्रश्न डिजिटल कमी आणि करारातल्या शब्दांचा जास्त आहे. कायद्याची कलमं वाचायला भाऊ सांगतो ते बरोबर; त्याला शेजारी बसवून वाचा.

पण घोडा आणि संगणक यांत एक फरक आहे, आणि 'कोड' त्याच फरकावर उभं आहे. ई-पुस्तकातला एखादा परिच्छेद बोटानं निवडा आणि कॉपी करायला जा. दोन-चारदा होईल, मग काही पुस्तकांत पडद्यावर येईल: मर्यादा संपली. आता अवतरण देण्याची मुभा तर बर्न करारच सदस्य देशांना ठेवायला लावतो. कायद्यानं हो म्हटलं, अॅपनं नाही म्हटलं, आणि चाललं अॅपचं. ही मर्यादा कुठल्या संसदेत ठरली? कुणाकडे दाद मागायची? लेसिग म्हणतात, माणसाला आवर घालणाऱ्या गोष्टी चार: कायदा, लोकरीत, बाजार आणि रचना. संगणकाच्या जगात रचना म्हणजे कोड. हे पुस्तक येण्याच्या तीनच वर्षं आधी, 1996 मध्ये, इंटरनेटच्या स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते जॉन पेरी बार्लो यांनी दावोसमधून सायबरस्पेसचं स्वातंत्र्य जाहीर करून सरकारांना 'इथं तुमची सत्ता नाही' असं ऐकवलं होतं. लेसिग यांनी सांगितलं की इंटरनेट मोकळं आहे ते स्वभावानं नव्हे, तसं बांधलंय म्हणून. उद्या वेगळं बांधतील. 1999 ची प्रत शिळी आहेच. त्यातली तंत्रं गेली, उदाहरणं गेली. 2006 साली त्यांनी वाचकांच्या मदतीनं ते नव्यानं लिहून काढलं, ती आवृत्ती मिळाली तर घ्या. नाहीतर जुनीच चालेल, कारण त्यातली भाकितं आज ताडून बघता येतात. कुठलं खरं झालं, कुठलं फसलं, हे शेजारी लिहीत गेलात तर तो माणूस कसा विचार करतो ते कळतं. नव्या पुस्तकात ही सोय नसते.

आणि कोडचं कुलूप कायद्यानंच राखायला घेतलं की काय होतं? अमेरिकेच्या 1998 च्या कायद्यानं कुलूप फोडणं हाच गुन्हा केला, आत शिरून तुम्ही काही गैर करा वा न करा. अपवाद हवा असेल तर दर तीन वर्षांनी तिथल्या काँग्रेस ग्रंथालयाच्या दारात अर्ज करायचा. दृष्टिहीन वाचकांना ई-पुस्तक ऐकता यावं म्हणून कुलूप काढण्याची सवलत तिथं पुन्हा पुन्हा मागावी लागलीय. तुमचं समुद्राचं पुस्तक ऐकणारं एखादं मूल न पाहू शकणारं असेल, तर त्याच्यासाठी 2013 चा माराकेश करार आहे, दृष्टिहीनांना वाचता-ऐकता येतील अशा प्रती करायला मुभा देणारा; त्या प्रतींवर चिडू नका.

'द एंड ऑफ ओनरशिप' मात्र तुम्ही वाचक म्हणून वाचा, लेखक म्हणून नको. त्याआधी एक करून बघा. कपाटातलं एक जुनं छापील पुस्तक काढा आणि नावामागचं पान उघडा, जिथं हक्क, आवृत्ती, मुद्रक असतात ते. 1900 नंतरच्या पहिल्या दशकात बॉब्स-मेरिल नावाच्या अमेरिकी प्रकाशकानं एका कादंबरीच्या अशाच पानावर छापलं होतं: किंमत एक डॉलर, कमी किमतीला विकाल तर तो कॉपीराइटचा भंग समजू. मेसीज या दुकानानं ती 89 सेंटला विकली. 1908 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, एकदा विकलीत ना? मग त्या प्रतीवरचा तुमचा ताबा संपला. जुनी पुस्तकं विकणारे, वाचनालयं, वाचून झालेलं पुस्तक शेजारणीला देणाऱ्या आपण, सगळ्याच जणी या तत्त्वावर जगतो. आता तेच पुस्तक ई-रूपात घ्या आणि अटी उघडा. तिथं विक्री हा शब्दच नसतो, परवाना असतो. बटणावर 'विकत घ्या' आणि अटींत 'वापरायला दिलं'! युरोपच्या न्यायालयानं डिसेंबर 2019 मध्ये टॉम कॅबिनेट या डच कंपनीच्या खटल्यात सांगितलं की वापरलेलं ई-पुस्तक असं पुन्हा विकता येणार नाही. कॅलिफोर्नियानं 2025 पासून निदान एवढं केलंय की परवानाच देत असाल तर 'विकत घ्या' म्हणताना ग्राहकाला तसं स्पष्ट सांगा.

पाठ्यपुस्तक सलग वाचायचं नसतंच, तो गुन्हा नाही. सूचीत 'परवाना' आणि 'हस्तांतर' शोधा, तेवढे खटले वाचा आणि मिटा. ते फार जड वाटलं तर जेम्स बॉयल आणि जेनिफर जेंकिन्स यांनी केलेली एक चित्रकथा आहे, 'बाउंड बाय लॉ?' नावाची, माहितीपट काढणाऱ्या बाईची. मुलांसाठी लिहिणाऱ्या माणसाला ती कमीपणाची वाटणार नाही.

आणि इथंच तुमचा फोल्डर येतो. ही चित्रकथा लेखकांनीच मोफत ठेवलीय. 'फ्री कल्चर' मोफत आहे. बॉयल यांचं 'द पब्लिक डोमेन', योकाय बेंक्लर यांचं 'द वेल्थ ऑफ नेटवर्क्स', बॉयल-जेंकिन्स यांचं पाठ्यपुस्तक, सगळी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे लेखकानंच काही अटींवर मोकळीक देण्याच्या, परवान्याखाली राजरोस उतरवून घेता येतात. म्हणजे मैत्रिणीनं पाठवलेल्या चाळिसांतली बरीच पुस्तकं चोरण्याची गरजच नव्हती. मोफत म्हणजे बेवारशी नव्हे, हेही बघा. नाव द्यायचं, व्यापारी वापर करायचा नाही, अशा अटी त्या परवान्यात असतात, आणि त्या वाचणं हाही अभ्यासच.

उरलेली पुस्तकं उघडू नका असं मी म्हणेन. पापपुण्य मला सांगता येत नाही; पण उद्या तुम्ही प्रकाशकांसमोर बसून 'मला न विचारता घेतलंत' असं म्हणणार आहात, आणि ते म्हणताना तुमचा आवाज कापायला नको. जून 2025 मध्ये अमेरिकेतल्या एका जिल्हा न्यायाधीशांनी, विल्यम ऑलसप यांनी, अँथ्रॉपिक या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीविरुद्धच्या दाव्यात हीच रेघ ओढली. विकत घेतलेली पुस्तकं यंत्राला शिकवायला वापरणं त्यांनी योग्य वापरात, म्हणजे त्याच 'फेअर यूज'मध्ये, बसवलं. चोरट्या संग्रहांतून उतरवून घेतलेल्या प्रती साठवून ठेवणं बसवलं नाही. पुढं कंपनीनं दीड अब्ज डॉलरची तडजोड मान्य केली. वाचून काय केलं हा एक प्रश्न, प्रत कुठून आली हा दुसरा. बाकी पुस्तकांसाठी विद्यापीठाचं ग्रंथालय गाठा, किंवा सरळ लेखकाला पत्र लिहा. हे प्राध्यापक लोक आपले लेख मागणाऱ्याला आनंदानं पाठवतात.

तेव्हा क्रम असा: करार, भावाबरोबर कलमं, लिटमन, मग 'फ्री कल्चर'चा शेवट, मग वेळ मिळेल तसं 'कोड'. प्रकाशकांना पहिलं पत्र मात्र लिटमन संपायची वाट न बघता पाठवा. त्यात आरोप नको. ई-पुस्तक आणि ध्वनिपुस्तक कधीपासून, कुणामार्फत, कुठल्या कलमाखाली, आणि हिशोब कुठे, एवढं चार ओळींत विचारा. मी त्या खुर्चीत होते तेव्हा असं पत्र आलं की आम्ही फाइल काढायचो. लांबलचक संतापाचं आलं की सोमवारवर ढकलायचो.

एक राहिलं. यातलं काही ई-पुस्तक म्हणून वाचणार असाल तर टिपणं वहीत उतरवून ठेवा. जुलै 2009 मध्ये अॅमेझॉननं ग्राहकांच्या किंडलमधून ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या परस्पर काढून घेतल्या. ज्यानं त्या विकायला ठेवल्या होत्या त्याच्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले, पुढं माफीही मागितली. कादंबऱ्यांतली एक होती '1984'. मिशिगनमधला एक शाळकरी मुलगा ती सुट्टीतला अभ्यास म्हणून वाचत होता. त्याची टिपणं यंत्रात शाबूत राहिली, फक्त ती ज्या ओळींवर होती त्या ओळी गेल्या.